कुंताबाईची बोडी

गायी वळवायला बोडीच्या, आपल्या छोट्या तळ्याच्या, मातीच्या पाळीखाली गेलेली कुंता जागीच थबकली. पाळीच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं आणि ते गढूळ होतं. नितळ असतं तर तिला भीती नव्हती. गढूळ म्हणजे पाळ आतून माती सोडत होती.

चामोर्शीकडच्या त्या गावात ही एवढीशी बोडी तिची स्वतःची. घरच्या चराईच्या रानात तिनं आणि नवऱ्यानं, श्रावणनं, दोन उन्हाळे माती वाहून पाळ घातली होती. तो आता घुग्घुसला खाणीत कामावर. इकडं तीन दिवसांच्या पावसानं बोडी तुडुंब.

तिच्या हाकेसरशी दीर भूपेश चार माणसं घेऊन धावत आला. "वहिनी, एका बाजूनं पाळ फोडून देऊ. सगळी एकदम फुटली तं खालचं धान जाईन."

"नाई. मंग उन्हाळ्यात गायी कुठी नेऊ?"

"तं खालून भोक बुजवू."

"खालून बुजवलं तं पाणी दुसरीकडून वाट काढन. भोकाचं तोंड आतल्या अंगाले हाय. तेच शोधाले पायजे. तुमी सांडवा खोल करा."

दोघं सांडव्याकडे, जादा पाणी बाहेर जाणाऱ्या वाटेकडे, पळाले. कुंतानं गायीचं दावं कमरेला बांधलं, दुसरं टोक भूपेशच्या हातात दिलं आणि ती पाण्यात उतरली. छातीएवढ्या पाण्यात पाळीच्या कडेकडेनं पायानं चाचपत निघाली. एकदा गेली, परत आली. तिसऱ्या खेपेला पाय गुडघ्यापर्यंत आत ओढला गेला. भूपेशनं दावं खेचलं म्हणून सुटला.

"सापडलं!" ती ओरडली. "खेकड्याचं बीळ! तणीस द्या!"

शेजारची कलाबाई तणसाचे, धानाच्या काडाचे, पेंढे घेऊन पाळीवर उभीच होती. कुंतानं बुडी मारली. पहिला पेंढा पाण्यानंच हातातून हिसकून आत नेला. दुसरा अडला. तिसरा तिनं टाचेनं ठोकून बसवला. त्यावर बाकीच्या दोघांनी भरून दिलेली चिकणमातीची पोती रचली आणि दम तुटेस्तोवर पायानं तुडवली.

"वहिनी, खालचं पाणी कमी होऊन राह्यलं!" खाली वाकून पाहणारा भूपेश नाचायलाच लागला.

दुपारपर्यंत पायथ्याशी बारीकशी धार उरली, तीही नितळ. सांडवा भरभरून वाहत होता. केसांपर्यंत चिखलानं माखलेली कुंता पाळीवर चढली, तोच भूपेशनं फोन पुढे केला. पलीकडे श्रावण होता, घाबरलेला.

"कुंते, बोडी फुटली म्हन्ते लोक?"

"कोण म्हन्ते?" कुंता खदखदून हसली. "पाणी हाय तसं हाय. सुट्टी घेऊन या अन् डोळ्यानं पाहा!"