पोटातला काळा नाग

अहेरीच्या आठवडी बाजारामागे मांडव पडला होता आणि मांडवात परातींमध्ये नाग मांडून ठेवले होते. हातभर लांब, काळे, रबरासारखे चिवट. मिरच्या घ्यायला आलेली माणसं मिरच्या विसरून, नाकाला पदर लावून ते बघत होती. कारण हे नाग जंगलातले नव्हते, माणसांच्या पोटातून निघालेले होते.

"गुडघा दुखते? बोटं सुजते? दम लागते?" भुजंगहारी महाराज माइकवर गरजत होते. अंगात भगवं जाकीट, पायात पांढरे स्पोर्ट शूज. "डॉक्टर म्हणते वात. अरे, वात कायचा, नाग आहे नाग! सात जन्माचं पाप आतड्यात वेटोळं घालून बसलं. आपली भस्मपुडी घ्या, तिसऱ्या दिवशी नाग बाहेर! अन् डाळ, भाजी, कोंड्याचं धान्य बंद. थे नागाचं खाणं होय. इंग्रजी गोळीबी बंद. तिच्यानं नाग खवळते!"

रांगेत नीलिमाला आपले भाऊजी, थोरल्या बहिणीचे नवरे, दिसले. गुणवंतराव, लाकडाच्या डेपोतले कारकून, आणखी एक पुडी घ्यायला उभे होते. नीलिमा चंद्रपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. थोरल्या बहिणीचा, नूतनचा आवाज फोनवर बारीक झालेला ऐकून ती सकाळच्याच बसने निघाली होती.

"भाऊजी, आपल्या आजानं छप्पन साली दीक्षा घेऊन देव सोडले, अन् तुम्ही इथी नागाच्या लाइनीत?"

गुणवंतराव ओशाळले, पण त्यांनी रांग सोडली नाही. "तू काही म्हण, नीलू. नूतनचा नाग म्या माह्या डोळ्यानं पाह्यला. महिनाभर तिले बरंबी होतं."

"अन् आता?"

"आता... उरलेला नाग जरा हट्टी हाये म्हनते महाराज."

नूतनला सहा वर्षांपासून आमवात होता. शरीराची राखण करणारी शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, तो रोग. गोळ्यांवर तो आटोक्यात होता. शाळेचे गणवेश शिवण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. दीड महिन्यापूर्वी महाराजांनी तिच्या गोळ्या सोडवल्या आणि पांढरा भात व साखरेच्या पाण्यावर तिला बसवलं. नीलिमा घरात शिरली तेव्हा तिची बोटं फुगली होती आणि ती भिंतीला न टेकता पुढे वाकून बसली होती.

"मागं टेकलं का छातीत सुई टोचल्यावानी होते," नूतन म्हणाली. "माह्या पापाचंच आहे हे, नीलू. तू महाराजाले काही बोलू नको."

नीलिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटं रोगाने सुजवली होती. पण या बाईच्या मनात, जिने आयुष्यात कोणाचा दोराही चोरला नव्हता, पाप भरलं होतं ते त्या स्पोर्ट शूजवाल्याने. तिने वाद घातला नाही. ऑटो बोलावली.

"हृदयाच्या आवरणाला सूज आहे," दवाखान्यातल्या डॉक्टर सरिता मडावी तपासून म्हणाल्या. "वेळेत आणलं. गोळ्या कधी सोडल्या?"

गुणवंतरावांनी सांगितलं. "पण मॅडम, सोडल्यावर महिनाभर बरं होतं!"

"त्या गोळीचा असर बरेच दिवस राहतो, भाऊ. तिनं काम केलं, नाव महाराजाचं झालं. या रोगात हृदयाला आधीच जास्त धोका, त्यात खाणंही तोडलं. डाळ, भाजी, कोंड्याचा चोथा आपल्याला पचत नाही, आतड्यातल्या जिवाणूंना पचतो. त्यावर ते जे बनवतात त्यानं आतड्याचं अस्तर शाबूत राहते, सूज आवरायला थोडी मदत होते, हृदयालाही चोथा चांगला."

"मंग तरोट्याच्या भाजीनंच रोग जाईन?" गुणवंतरावांचे डोळे चमकले.

"नाही! भाजी गोळीची जागा घेत नाही. एक महाराज सोडून भाजीला महाराज करू नका."

"अन् नाग?"

"तो मी पाहिला नाही. न पाहता काय सांगू?"

दुपारी नीलिमा बहिणीचे कपडे न्यायला घरी आली. सकाळची पुडी नूतनने अर्धीच पिऊन पेला तसाच ठेवला होता. नीलिमाने तो मोरीत उपडा केला. पाणी पडलंच नाही. काळा, चिवट, हुबेहूब पेल्याच्या आकाराचा एक गोळा सुळकन बाहेर आला.

ती एकटीच हसली. रांगेतून आणलेली नवी पुडी तिने कागदावर पसरली. इसबगोल, चिकणमाती, कोळशाची भुकटी. पाणी लागलं की फुगायचं, आतड्यात गेलं की आतड्याचा आकार घ्यायचा. हा भामटा चोथ्याला नागाचं खाणं म्हणत होता आणि नाग म्हणून चोथाच विकत होता! पेल्यातला गोळा तिने दवाखान्यात नेऊन भाऊजींना दाखवला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन मांडवात गेली. शकुबाई नावाच्या म्हातारीने नुकतीच पुडी घेतली होती. नीलिमाने ती मागून घेतली, सगळ्यांदेखत ट्यूबमध्ये ओतली, चहावाल्याकडचं कोमट पाणी घातलं, तोंडं बांधली आणि ट्यूब मांडवाच्या खांबाला टांगली. महाराजांचं प्रवचन चालूच होतं, पण अर्धा तास लोकांचे डोळे खांबावर होते.

मग तिने गाठ सोडून ट्यूब पिळली. हातभर लांब, काळा नाग परातीत पडला. बाकीच्या नागांचा सख्खा भाऊ.

"महाराज, या ट्यूबनं कोणत्या जन्मी काय पाप केलं होतं?"

"नकली आहे थे!" महाराज ओरडले. "बाईनं दुसरी भुकटी टाकली!"

"कायची दुसरी?" शकुबाई उठली. "पुडी माही होय. आत्ताच तुह्या हातानं देल्ली!"

मांडवात हसू फुटलं. हसण्यामागून शिव्या आल्या. "प्रश्न करनाऱ्याचं वाटोळं होते!" असं म्हणत महाराज कनातीमागे सरकले, तर तिथे गुणवंतराव पोलिसाला घेऊन उभे होते. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार त्यांनी स्वतः, आपल्या कारकुनी अक्षरात लिहिली होती.

नूतन वाचली. उजव्या हाताचं एक बोट मात्र सरळ झालं नाही. शिवण आता सावकाश होते. तपासणीच्या दिवशी दवाखान्यात बाया तिला विचारतात, महाराजाचं औषध खरंच खोटं होतं का वं?

"म्या त्याले एकबी सवाल केला नाई, थे माही चूक," ती सांगते. "डॉक्टर मॅडमलेबी विचारा. गोळी कायची, काऊन घ्यायची, कधी सोडायची, सारं विचारा. सवालाले जो भेते, त्याच्या हातचं पाणीबी पिऊ नका."