काळ्या चौकटीतला जिवंत माणूस

स्वतःची टिमकी वाजवायचा इस्क्राला मनस्वी तिटकारा. चांगलं काम करावं आणि गप्प बसावं, असं तिची आई म्हणायची. आईनं जन्मभर तेच केलं आणि तिला पोहोचवायला मोजकीच माणसं आली, हा भाग मात्र इस्क्रा सोयीनं विसरायची. ती 'पोर्तिच्का' नावाची सेवाभावी संस्था चालवायची. पोर्तिच्का म्हणजे छोटं फाटक. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसायचं, चार गोष्टी बोलायच्या, औषध घेतलं का बघायचं, एवढंच संस्थेचं काम. काम सोन्यासारखं, पण गावातल्या निम्म्या लोकांना वाटायचं की हे कुंपणं बनवणारं दुकान आहे. एकदा तर एक माणूस खरंच अंगणाचं माप घेऊन आला होता.

अशातच पेन्कोकाकांच्या मुलाचा व्हिएन्नाहून फोन आला. पेन्कोकाका संस्थेच्या म्हाताऱ्यांपैकीच एक, जुने रेल्वे गार्ड, ऐंशी ओलांडलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. हिवाळ्यात ते अंगणात घसरून पडले आणि तासभर बर्फात पडून राहिले, कोणाला पत्ताच नाही. मुलगा लुचेझार म्हणाला, वृद्धाश्रमात जागा धरून ठेवलीय, पुढच्या महिन्यात त्यांना हलवतो. रोज कोणीतरी घरी जाणार असेल तर तसं सांगा, म्हणजे जागा सोडतो. बिचारा वाईट नव्हता, दूर होता.

"मला इथून हलवलं तर वाटेतच मरेन बघ," पेन्कोकाका इस्क्राला म्हणाले. हसत म्हणाले, पण कपातली कॉफी तशीच राहिली.

इस्क्राकडे होतं कोण? ती स्वतः आणि दोन निवृत्त शिक्षिका, ज्यांच्या गुडघ्यांनाच कोणीतरी हवं होतं. रोजचं वचन देणार कशाच्या जिवावर? माणसं हवीत, आणि माणसं यायची तर आधी संस्था आहे हे तरी त्यांना कळायला हवं. म्हणून नाइलाजानं तिनं भाचीला बोलावलं. ही रालित्सा सोफियात राहून बिस्किटांच्या जाहिराती करायची. संकोच हा शब्द तिच्या गावीही नव्हता.

"मावशी, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं," ती आल्या आल्या म्हणाली. "तू सोन्यावर बसून झोपा काढतेयस."

तिनं झकास पोस्टर छापलं. पिवळंधमक, त्यावर हसरी म्हातारी माणसं, हातात हात. चौकात लावलं, बसथांब्यावर लावलं. आठवडा गेला, एक माणूस फिरकेल तर शपथ. रालित्साचं तोंड उतरलं, आणि इस्क्राला मात्र भलतंच कुतूहल वाटायला लागलं. लोक बघतात तरी कुठे? बेकरीच्या खिडकीशी कॉफी घेऊन ती सकाळभर बसली. पोस्टरशी एक कुत्रं तेवढं थांबलं, आणि तेही बघायला नव्हे.

सगळं गाव थांबत होतं ते बेकरीसमोरच्या लिंडनच्या झाडापाशी. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो काळ्या चौकटीत छापतात, खाली दोन ओळी लिहितात आणि घराच्या दारावर, झाडांवर, थांब्यांवर लावतात. कोण गेलं, किती वर्षांचं होतं, कुणाचं वर्षश्राद्ध आलं, हे वाचल्याशिवाय पाव घेऊन घरी जायची कोणाची छाती नाही. बायका पिशवीतून चष्मा काढून वाचतात, पुरुष वाचत नसल्याचं दाखवत वाचतात. इस्क्राला एकदम आठवलं, सकाळी येताना ती स्वतःही तिथेच थांबली होती. आपल्या पोस्टरकडे तिनंसुद्धा पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी पेन्कोकाकांच्या स्वयंपाकघरात तिनं हे गंमत म्हणून सांगितलं. रालित्सा ताडकन उभी राहिली. मग जिवंत माणसाची चौकट लावू, ती म्हणाली, अगदी तशीच. इस्क्रानं कपाळाला हात लावला. गाव आपल्याला चौकात उभं करून फटके मारेल, मेलेल्यांची थट्टा म्हणेल! निदान चौकट हिरवी तरी करू, अशी तिनं गळ घातली.

"काळीच," रालित्सा म्हणाली. "घाबरत घाबरत हाक मारली तर कोण वळून बघतं, मावशी?"

पण असा जिवंत माणूस मिळणार कुठे? पेन्कोकाका उठले, आतल्या खोलीत गेले आणि फोटो घेऊन आले. गार्डची टोपी, ताठ मान, झुपकेदार मिशा. चौकटीसाठी त्यांनी तो केव्हाचाच निवडून, पुसून ठेवला होता. आमच्याकडची शहाणी म्हातारी माणसं ठेवतातच, मागच्यांनी भलताच लावू नये म्हणून. "एवढा देखणा फोटो, आणि मलाच बघायला मिळणार नव्हता," ते म्हणाले. "लावा."

चौकटीत छापलं ते असं: 'अत्यंत आनंदाने कळवतो की पेन्को, निवृत्त रेल्वे गार्ड, हे जिवंत आहेत. घर शाळेमागे, दार उघडंच असतं. संध्याकाळी पाच वाजता सोंगट्या खेळायला कोणीतरी हवं आहे. पोर्तिच्का, माणसांकडे जाणारी संस्था.'

सकाळी ते झाडावर चिकटवताना इस्क्राची पाचावर धारण बसली होती.

आता आमच्या लोकांची खोड सांगते. चौकट दिसली की ते फोटो बघतात, नाव बघतात, "अरेरे" म्हणतात आणि निघतात. खालचा मजकूर शब्दनशब्द वाचतोय कोण? तो सगळीकडे सारखाच असतो. दहाच्या सुमारास पेन्कोकाकांच्या दारात पहिली रडारड पोहोचली. समोरची वांगेलियाबाई होती ती. अक्रोडाच्या एका फांदीवरून तिनं त्यांच्याशी वर्षानुवर्षं अबोला धरला होता. हातात साखर पेरलेल्या उकडलेल्या गव्हाचं ताट, आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं वाटतात तसं, आणि डोळ्यांना धार. दार उघडलं खुद्द मयतानं.

वांगेलियाबाईनं आधी किंकाळी फोडली, मग त्यांच्या थोबाडीत दिली, मग खुर्चीत बसून खरंखुरं रडली. "तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं असं वाटलं रे मेल्या," ती म्हणाली. पेन्कोकाकांनी तिला रुमाल दिला आणि तिनं आणलेले आपल्याच मरणाचे गहू चमच्यानं चवीनं खाल्ले.

दुपारपर्यंत घर भरलं. येणारा प्रत्येक जण आधी पांढरा पडायचा, मग शिव्या द्यायचा, मग हसत बसायचा. इस्क्राचा फोन थांबेना. पहिले काही फोन शिव्यांचे होते. धर्म बुडाला, लाज सोडली वगैरे. मग एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, माझी आई वरच्या आळीत एकटीच असते, तिची चौकट लावाल का? दोन म्हातारे तर आपापले निवडलेले फोटो घेऊन थेट कार्यालयातच आले. कुंपण करून द्या असं दिवसभरात कोणीच म्हणालं नाही.

पण इस्क्राला झोप नव्हती. गव्हाचं ताट घेऊन एकदा तर कोणीही येतं. उद्या कोण येणार? लुचेझारला काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या आतच ती शाळेमागे पोहोचली, आणि दाराशी क्षणभर थबकली, कारण आत शांतता असती तर ती तिला सोसली नसती. आतून फाशांचा खडखडाट ऐकू आला. वांगेलियाबाई सोंगट्या मांडून भांडत होती, टपालवाला दुसऱ्या डावासाठी ताटकळला होता, आणि रालित्सा कोपऱ्यात बसून कोण कोणत्या वारी येणार हे ठरवून घेत होती. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

लुचेझार. काळा सूट, चुरगाळलेला, दाढी वाढलेली, हातात पांढऱ्या शेवंतीची फुलं. कुणा शहाण्यानं झाडावरच्या चौकटीचा फोटो त्याला पाठवला होता, आणि त्यानंही आमच्याच लोकांसारखं फोटो आणि नाव तेवढं पाहिलं होतं. तो उंबऱ्यातच उभा राहिला. बापाकडे नुसता बघत राहिला.

"फोन तरी करायचास," पेन्कोकाका म्हणाले.

"केला होता," लुचेझार म्हणाला. "कोणीतरी बाईनं उचलला, पण तिचं बोलणं काही कळेना. मागे माणसांचा गलका, ताटांचा आवाज. बाबा, तुमच्या घरात एवढी माणसं... मला वाटलं, मग खरंच असणार."

वांगेलियाबाईनं फासे हळूच खाली ठेवले. इस्क्राला त्या पोराची दया आली. तो रागावेल, ओरडेल, चौकट फाडून ये म्हणेल, अशी तिनं तयारी केली होती. त्यानं फक्त तिच्याकडे वळून विचारलं, हे उद्याही येतील का?

आदल्या आठवड्यातली इस्क्रा म्हणाली असती, बघू, प्रयत्न करू, आमची संस्था लहान आहे.

"येतील," ती मोठ्यानं म्हणाली. "रोज येतील. आम्ही पोर्तिच्का. आमचं कामच ते आहे."

लुचेझारनं मान हलवली. आश्रमाला कळवतो, म्हणाला. मग हातातल्या फुलांचं काय करावं ते त्याला कळेना.

"आलास ते बरं केलंस," पेन्कोकाका सोंगट्या सरळ करत म्हणाले. "पण एवढ्यावर सुटका नाही. माणूस गेला की चाळीसाव्या दिवशी नवी चौकट लावतात आणि सगळं घर जमतं. रीत आहे. मी जिवंत असलो म्हणून रीत कशाला मोडायची?"

लुचेझारनं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि चाळीसावा कोणत्या वारी येतो ते विचारलं.