घरचे मागून

पाहुणचारात प्रभाकररावांचा हात धरणारा माणूस वडनेरपासून समुद्रपूरपर्यंत सापडायचा नाही. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी पंचक्रोशीतली भजनी मंडळं गावात यायची, तेव्हा हा समितीचा अध्यक्ष सकाळपासून फाट्यावर उभा. कोणाला नारळ, कोणाला शेला, कोणाची पेटी स्वतःच्या खांद्यावर. आणि त्यांचा एक नियम होता, तो साऱ्या गावानं डोक्यावर घेतलेला: घरचे मागून. पंगतीत पाहुणे आधी जेवतात, घरचे उरलंसुरलं खातात, तसंच मंडपात. बाहेरची मंडळं आधी गाणार, आपलं मंडळ सगळ्यांच्या मागून.

आता मागून म्हणजे केव्हा, तेही ऐका. पाहुण्यांचं शेवटचं भजन झालं की पंगत बसायची. आलू-वांग्याच्या भाजीचा वास मंडपात शिरल्यावर कोणाचं चित्त भजनात राहतं हो? सारा गाव पत्रावळीकडे धावायचा, अन् आपली माणसं रिकाम्या सतरंज्यांना भजन ऐकवत बसायची. कोणाला त्याचं काही वाटायचंही नाही. आपलेच तर आहेत!

कवडूची गुंजन अशीच गात मोठी झाली. खंजेरी बापानंच तिच्या हातात दिलेली. पण कवडू गावाचा आचारी. लेक गायला बसायची नेमकी तेव्हा तो मंडपामागं भट्टीपाशी, घामाघूम होऊन दुसऱ्या पंगतीचा भात उतरवत असायचा. घरी ऐकायचा तेवढंच. भरल्या मंडपात आपली पोरगी गाताना त्यानं कधी पाहिली नाही, कारण तिच्यासाठी मंडप कधी भरलाच नाही.

लग्न ठरलं त्या वर्षी गुंजन प्रभाकररावांच्या दारात आली.

"काकाजी, औंदा मले पहिले गाऊ द्या ना. एकच भजन. बाबा भट्टीवर जायाच्या पहिले ऐकून घेतीन."

"अवं बाई, पावने बसून राह्यतीन अन् घरची पोट्टी माईक धरीन? लोकं काय म्हणतीन?"

"काई नाई म्हणत. ऐकतीन."

प्रभाकरराव हसले. रागावले नाहीत, उलट मायेनंच म्हणाले, "तू तं आपलीच हायेस. तुले कोन अडवून राह्यलं? कधीबी गाय."

गुंजन खाली मान घालून निघून गेली. त्या सप्ताहातही ती मागूनच गायली. मग लग्न होऊन पवनारला गेली, आणि पुढच्या थंडीत कवडू छातीच्या दुखण्यानं गेला.

यंदा पवनारचं महिला मंडळ आलं. प्रभाकररावांनी नेहमीप्रमाणं फाट्यावर नारळ दिले, अन् शेवटचा नारळ ज्या हातात ठेवला तो गुंजनचा निघाला. पाहुणीला बोलतात तसं "या, या" म्हणून गेले.

पहिला मान पवनारला मिळाला. मंडप गच्च भरलेला. गुंजननं खंजेरीवर थाप मारली, आवाज लावला, अन् चुळबुळ करणारी पोरंसुद्धा गप्प झाली. बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या.

"बाप्पा, काय आवाज हाय वं!"

"कवडूची नं वं हे? कधी शिकली?"

"पवनारले गेली अन् शिकली वाटते."

पुढच्या खुर्चीत बसलेल्या प्रभाकररावांच्या कानावर ते पडलं. कधी शिकली! या गावातच शिकली, या मंडपातच गायली, दरवर्षी गायली. त्यांनी स्वतः तरी तिचं एक भजन पुरतं ऐकलं होतं का? नव्हतं. दरवर्षी ते वाढण्यात गुंतलेले. आज पहिल्यांदा ऐकत होते, अन् जिनं बापाला ऐकवायला एकच भजन मागितलं होतं, तिच्या बापाला आता या मंडपात आणणार कोण?

भजन संपलं तसे ते उठून तिच्याकडे गेले.

"गुंजन, माय, चुकलोच मी."

तिनं भट्टीकडं पाहिलं. तिथं आता हिंगणघाटवरून आणलेला दुसराच आचारी होता. "जाऊ द्या जी काकाजी," ती म्हणाली. डोळे मात्र भरून आले होते. "आज आपल्या मंडळातून कोन गाते?"

"तानबाची आचल. तू थांबजो, ऐकजो तिले."

"थांबतो नं."

कुठलं थांबणं! दुपारी पाहुण्यांची भजनं आटोपली, अन् गावच्या बायांनी गुंजनला हाताला धरून ओढतच पहिल्या पंगतीत नेलं. पाहुणी ना ती आता! तिकडं स्टेजवर आचल बसली, अन् मंडप भराभरा रिकामा झाला.

प्रभाकररावांच्या हातात वरणाची बादली होती. आचलचा आवाज कानावर आला. कोवळा होता, पण सच्चा होता. त्यांनी बादली तिथंच ठेवली.

"काकाजी, पंगत खोळंबली!" कोणीतरी ओरडलं.

"खोळंबू दे बे!"

लगबगीनं ते स्टेजकडं निघाले. आज पुढ्यात बसायचं, शेवटपर्यंत ऐकायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण आचलची नजर त्यांच्यावर पडली मात्र, तिनं अर्ध्या कडव्यातच आवाज खाली आणला, घाईघाईनं जयजयकार केला अन् खंजेरी मांडीखाली सारली.

"झालं जी काकाजी. आटपलं."

प्रभाकररावांच्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत या वेळी ते स्टेजकडं एकाच कामासाठी आले होते. आटपा म्हणायला.

"अवं नाई, पोरी, गाय, गाय! मी ऐकाले आलो."

माईकवाल्यानं वायर गुंडाळायला घेतली होती. आचलनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. तिला ते काही खरं वाटलं नाही.

"पावन्याईचं पाहा तुम्ही काकाजी," ती समजुतीनं म्हणाली. "आम्ही काय, घरचेच आहो."