घडीवरचा कागद

“एकच द्या,” दौलतसिंह भांडेवाल्याला म्हणाले आणि उंच काठाचं स्टीलचं ताट उलटंसुलटं करून पाहू लागले. मग एक कप घेतला. तोही एकच.

सुधाताई मागे पिशवी धरून उभ्या होत्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पिशवीचं तोंड उघडलं.

फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाने गुलाब लावावेत, फार तर कॉलनीच्या मीटिंगमध्ये भांडावं. यांनी गोव्याच्या खाडीत उभी असलेली शिडाची जुनी बोट विकत घेतली, आणि दिवाळीनंतर तिच्यावरच राहायला जायचं म्हणत होते. ‘जायचं’ म्हणत होते; कोणी, ते एकदाही बोलले नव्हते. ग्वाल्हेरात समुद्र नसला तरी ओळखीचे कारागीर आहेत, म्हणून सामान इथूनच न्यायचं होतं. सकाळपासून दोघांची स्कूटर बाड्याच्या बाजारात फिरत होती.

रेनकोट एक. रबरी बूट एक जोडी, नऊ नंबरचे. सुधाताईंचा पाय पाचचा.

“एवढंच?” त्यांनी विचारलं.

“पहिले हे तर होऊ दे.”

सरळ विचारायला काय जात होतं? पण छत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईने नवऱ्याला ‘मला नेताय का’ म्हणून विचारायचं? आणि तो ‘नाही’ म्हणाला तर? सराफ्याजवळच्या दुकानात दौलतसिंह पितळी बिजागऱ्या निवडत बसले, खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही म्हणून. तेवढ्यात सुधाताईंनी बाहेर येऊन इंदूरला लेकीला फोन लावला.

“सोनल, मी तुझ्याकडेच येऊन राहते. बाबांना इतक्यात काही बोलू नकोस.”

“काय झालं, आई? सब ठीक?”

“ठीक आहे. तू मागची खोली बघ.”

शेवटचं काम शिंदे की छावनीत, गादीवाल्याकडे. त्याने खोळीचं जाड कापड पसरलं आणि दौलतसिंहांनी त्यावर कागदाची गुंडाळी सोडली. वर्तमानपत्रं चिकटवून कापलेला, बोटीतल्या झोपायच्या जागेचा आकार होता. एक कड सरळ, दुसरी तिरपी, पायाशी अगदी निमुळता. आता आणखी काय पुरावा हवा होता? सुधाताईंना राग आला.

“हे तर एकट्या माणसाचं अंथरूण आहे,” त्या म्हणाल्या.

दौलतसिंह बघतच राहिले.

“तू म्हणतेस असं? तू?”

त्यांनी सरळ कडेवर बोट ठेवलं. तिथे निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं : घडीवर.

कंपू मोहल्ल्यातल्या घरी तीस वर्षं ब्लाउज शिवताना सुधाताई प्रत्येक कागदी कटिंगवर हेच लिहीत आल्या होत्या. अर्धाच आकार कापायचा, सरळ कड कापडाच्या मधल्या घडीवर धरायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. सुट्टीवर येऊन शेजारी पेपर वाचत बसलेला माणूस हे बघतो, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. गादीवाल्याने खडूने कड आखली, कागद पलटला आणि दुसरी बाजू आखली. डोक्याकडे चांगली ऐसपैस जागा झाली, दोघांची.

“मग ताट एकच कसं?” सुधाताईंनी हळूच विचारलं.

“तुझं तू घेशील. माझी पसंत कधी पटलीय तुला?”

खरंच होतं. सुधाताईंच्या जिवात जीव आला. कागद सरकू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता, त्यामुळे पर्समध्ये वाजणारा फोन दौलतसिंहांनीच काढून कानाला लावला. सोनलचा आवाज पहिल्यापासूनच मोठा.

“आई, खोली रिकामी केली बघ, पलंगपण लावला. पण तू सोबत जात नाहीयेस, हे बाबांना कधी सांगणार?”

“बाबाच बोलतोय,” दौलतसिंह म्हणाले. थोडा वेळ ऐकत राहिले, मग फोन बंद केला.

“भैया, अभी मत काटना,” ते गादीवाल्याला म्हणाले.

एक ताट, एक कप, एक जोडी बूट. सांगायला गेलं तर एवढंच होतं, आणि सुधाताईंना ते तोंडाने सांगवेना. त्यांनी गादीवाल्याच्या हातातला खडू घेतला.

“शिलाईला जागाच सोडली नाहीत तुम्ही,” त्या म्हणाल्या, आणि आखलेल्या रेघेबाहेर बोटभर अंतर ठेवून दोन्ही बाजूंनी पूर्ण रेघ फिरवली. “अब काटो, भैया.”

गादीवाल्याने कात्री उचलली आणि दौलतसिंहांकडे पाहिलं. फोन अजून त्यांच्याच हातात होता.