आठ ओळींतला युरिया

"बियाण्याचं तोंड काळं करतेस होय गं?"

पेरणीच्या सकाळी तात्यांनी सुनेला झापलं, ते मला माझ्या बांधावर ऐकू आलं. आमची रानं शेजारीशेजारी. सून सावलीत ताडपत्रीवर बसली होती. सोयाबीनच्या बियाण्यावर गुळाचं पाणी शिंपडून पाकिटातलं काळं जिवाणू खत हलक्या हाताने चोळत होती.

"तात्या, हे जिवाणू मुळांवर गाठी करतात. हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. युरिया लागत नाही."

"हवा खाऊन पीक येतं? मग उद्यापासून आपलाही स्वयंपाक बंद!" तात्या माझ्याकडे बघून म्हणाले. मी हसले. हसायला माझं काय जातंय?

शेवटी ठरलं. विहिरीकडचं अर्धं रान सुनेचं, बिनयुरियाचं. बाकीचं तात्यांचं. तिचं पीक फसलं तर तिने पुन्हा शेतीत तोंड घालायचं नाही.

"कबूल," सून म्हणाली. जरा जास्तच जोरात म्हणाली.

तीन आठवड्यांनी तात्यांचं रान हिरवंगार, आणि सुनेचं कावीळ झाल्यासारखं. येणारा-जाणारा विचारायचा, "डॉक्टरला दाखवलं का?" सून हसून म्हणायची, "गाठी धरायला वेळ लागतो." पण घरी दोन घास खाऊन ताटावरून उठायची.

आणखी पंधरा दिवसांनी रान काळपट हिरवं झालं. सून मला ओढतच घेऊन गेली. खुरप्याने एक रोप उकरलं, मुळं पाण्यात खळबळली. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीच गाठी! एक नखाने फोडली तर आतून गुलाबी. बाई नाचायचीच बाकी होती.

मग बांधाकडच्या ओळींत शिरली. तिथली रोपं सगळ्यांत उंच. उकरलं, तर मुळं कोरी. दुसरं उकरलं, तेही कोरं. मोजून आठ ओळी तशाच. ती ताडकन उठली आणि पलीकडच्या रानात उभ्या तात्यांना हाक मारली.

"तात्या! इथं युरिया कोणी टाकला?"

"वाऱ्याने उडून आला असेल."

"मोजून आठ ओळींत?"

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "अगं, लोक हसत होते. तू धड जेवत नव्हतीस. बघवेना मला. घमेलं घेऊन आलो. आठ ओळी झाल्या, तेवढ्यात ही बया आली बांधावर." बया म्हणजे मी.

"आयतं मिळाल्यावर झाड कशाला गाठी धरेल? आळशी केलंत माझ्या झाडांना!" सून चिडून बोलत होती आणि डोळे भरून आले होते. तात्या पोरासारखे मान खाली घालून उभे.

पुढे वारा सुटला. तात्यांचं कमरेएवढं वाढलेलं पीक लोळलं. पाला उदंड, शेंगा बेताच्या. त्या आठ ओळीही आडव्या. सुनेचं बाकीचं रान मात्र खोडापासून शेंड्यापर्यंत शेंगांनी लगडलेलं. मळणीत तिची चार पोती जास्त भरली.

मळणीवाला यंत्राच्या घरघरीत ओरडून म्हणाला, "तात्या, विहिरीकडं युरिया किती टाकला होता?"

तात्यांनी सुनेकडे पाहिलं, मग पोत्यांकडे.

"आठ ओळी. तेवढी चूक माझी."

इतक्या वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. यंत्राच्या आवाजात सुनेला काही ऐकू गेलं नाही. म्हणून मी तिच्या कानाशी जाऊन, चांगलं दोनदा, ओरडून सांगितलं.