ताईची पट्टी

गळ्याच्या ऑपरेशननंतर ताई पहिल्यांदाच आईचं गाणं म्हणायला उभी राहिली, आणि वरच्या ओळीवर तिचा आवाज फाटला. पियानोचं झाकण तिने स्वतःच्या हाताने लावलं. "संपलं," म्हणाली, आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला गेली. "मी जाऊन वर्ष होईल त्या दिवशी हे गाणं थोरलीनेच म्हणायचं," असं आई सांगून गेली होती. तो दिवस जवळ येत होता.

मी पडले शिंपीण. कपडा होत नाही म्हणून कुणी अंग टाकून देत नाही, कपडाच उसवून मापाला आणतात. मग गाणंही खाली उतरवता येईल की! पण मला ते एकाच पट्टीत वाजवता यायचं, तेही नुसतं बोटांच्या सवयीने. ती पट्टी कुठली, हे विचाराल तर ठणठण गोपाळ.

म्हणून गाण्याचा छापील नोटेशनचा कागद घेऊन निवृत्त बॅन्डमास्तरांकडे गेले. माणूस तिरसट, पण शिकवण्यात हात आखडता नाही. "ओळीच्या सुरुवातीला तीन शार्प, म्हणजे सूर अर्धा चढवायच्या खुणा, दिसतायत ना? ते तुझ्या गाण्याचं आडनाव," ते म्हणाले. "ए मेजर. हेच आडनाव लावणारी एक उदास बहीण आहे त्याची, एफ शार्प मायनर. तिच्या नादी आत्ता लागू नकोस."

मला वाटलं, शेजारची पट्टी सगळ्यात सोपी. अर्धा सूर खाली उतरले तर पुढ्यात चार फ्लॅट, सूर अर्धा उतरवायच्या खुणा! सातातले दोनच सूर ओळखीचे, बाकी सगळे परके. मास्तर हसले.

"शेजारी म्हणजे नातेवाईक नव्हेत, बाई. इथली नाती पाच-पाच सुरांवर जुळतात. ए, डी, जी, सी, एफ. पुढच्या घरी गेलीस की एकच सूर बदलतो."

मी रोज त्या घरांतून फिरले. दुकानात काजं करताना पुटपुटायचे, तेव्हा गिऱ्हाइकांना वाटायचं हिचं डोकं फिरलं. शेवटी एफ सापडला. एकच फ्लॅट, आणि ताईच्या गळ्याला झेपेल इतका खाली.

पट्टी उतरवल्याचं ताईला मात्र बोलले नाही. "एकदाच म्हण," म्हणून गळ घातली. वरची ओळ आली आणि निघूनही गेली, आवाज शाबूत. ताईने गळ्यावरच्या व्रणावर हात ठेवला आणि रडायलाच लागली. "आला गं परत!" तिचा तो आनंद मोडायची माझी छाती झाली नाही.

मग एका दुपारी ती हसतच घरात शिरली. "रविवारी आईच्या वर्षश्राद्धाला बासरीवाले साथीला येतायत. मी सांगून टाकलं त्यांना, आमची नेहमीचीच पट्टी."

म्हणजे ते जुन्याच पट्टीत वाजवणार. आता गप्प राहणं म्हणजे तिला चारचौघांत तोंडघशी पाडणं. सगळं सांगितलं. ताई खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "जुन्या पट्टीत वाजव. एकदाच."

मी वाजवलं. ती गायली नाही. कुणाला पोचवायला आल्यासारखी हात बांधून उभी राहिली, शेवटचा सूर विरेपर्यंत. मग तोंड पुसून तिने बासरीवाल्यांना फोन लावला.

"अहो, एफमध्ये वाजवायचंय. नाही, चुकून नाही. माझी पट्टी आता तीच आहे."