तुटकी मासोळी

मित्रांनो, मी एक जुनी मासोळी आहे. पाण्यातली नव्हे, पायातली. लग्न झालेल्या बाईच्या बोटात असते ना, ती चांदीची. पेणच्या सोनाराने मला घडवलं ते बायजाबाईच्या लग्नासाठी. तिच्याबरोबर कासूच्या मिठागरात मी इतकी राबले की माझ्यावरची नक्षी पार झिजली. "खारं पानी पिऊन चांदी पक्की व्हते," असं ती म्हणायची. खरं नव्हतं ते, पण ऐकायला मला फार आवडायचं.

मुलाच्या, म्हणजे प्रविणच्या लग्नात तिने मला सुनेच्या पायात घातलं. मृणालीचं माहेर रोह्याशेजारचं वरसे. मिठाचं काम तिला नवं, पण हसतहसत शिकली. मला तर रोज घासून लख्ख करायची. असे लाड माझे कुणीच केले नव्हते!

पुढे मृणालीला दिवस गेले. सातवा महिना सरला आणि मी तिच्या बोटात रुतू लागले.

"मिठागरात उभं ऱ्हायलं का पाय फुगतातच गो," बायजाबाई म्हणाली आणि माझी टोकं ओढून तिने मला सैल केलं. काही दिवसांनी पुन्हा तेच. सासूची माया होती ती, पण प्रत्येक वेळी धोक्याची खूणच पुसली जात होती. त्यात मीठ काढायचे दिवस, म्हणून दवाखान्यातली तपासणीही राहून गेली. डोकं ठणकायचं, तर ऊन बाधलं म्हणून ओलं फडकं बांधलं.

एका सकाळी मृणाली उठली ती डोळे चोळतच. "आई, डोळ्यांपुढं काजवे चमकतात."

बायजाबाई पुन्हा मला ओढायला बसली. आता मला ताणायला जागाच नव्हती. तिचा अंगठा पावलावर दाबला गेला आणि तिथे खळगा पडला. तो भरेचना. तिने सुनेचे हात पाहिले, तोंड पाहिलं. सगळंच सुजलेलं.

"माजे पाय रातभर निजलं का उतरायचे. ही सूज मिठाची नाय! प्रविण, रिक्षा काढ!"

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला. "प्रेशर फार वाढलंय. लघवीतून प्रथिनंही जातायत. झटके आले तर दोघांच्या जिवाला धोका." लगेच इंजेक्शनं सुरू झाली. बाळ लवकर बाहेर काढावं लागणार होतं. ऑपरेशनआधी दागिने उतरवले, पण मी काही निघेना.

"कापावी लागेल," नर्स म्हणाली.

नवरा जिवंत असताना मासोळी तुटणं म्हणजे अपशकुन. बायजाबाई मात्र लगेच म्हणाली, "काप गो बाय. माजी सून ऱ्हायली पायजे."

मी तुटले. मित्रांनो, दुखलं मला, खोटं कशाला सांगू? पण ते बिचारं बोट मोकळं झालं.

मृणाली वाचली. तिची मूठभर लेक भाविकाही वाचली. घरी आल्यावरही मृणालीचं प्रेशर तपासत राहिले, कारण बाळंतपणानंतरही ते चढू शकतं. पुढे तिने मला सांधून आणायचं काढलं, तर सासू म्हणाली, "नको. तुटकीच ऱ्हाऊ दे."

परवा शेजारची नूतन आली. पोटुशी आहे ती. म्हणाली, "मावशी, मासोळी रुततेय, जरा सैल करा ना."

बायजाबाईने कोनाड्यातून मला काढून तिच्या तळहातावर ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या.

"चल गो, आधी प्रेशर बघून येऊ."

तुमच्याही घरात कुणाची मासोळी रुतू लागली, तर मित्रांनो, एवढं कराल ना?